सगळं ठीक असूनही बरं का वाटत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरी स्थिर आहे, घरात भांडणं नाहीत, तब्येत बरी आहे, तरी गेली दोन-तीन वर्षं जगण्यात चव उरलेली नाही. म्हणून तुम्ही मानसशास्त्र सुखाबद्दल काय म्हणतं ते वाचायला घेतलंत. मॅस्लो, पर्मा, रिफ, स्वयंनिर्णय असे सिद्धांत एकामागून एक समोर आले आणि ते एकमेकांशी जुळेनात. त्यातच कुठेतरी ‘सुखाचे ५० टक्के जन्मतःच ठरलेले असतात’ असं वाचलंत. म्हणून विचारलंत, की यातला खरा सिद्धांत कोणता, आणि निम्मं आधीच ठरलेलं असेल तर खटाटोप कशासाठी?

मी एकवीस वर्षं समुपदेशन करते आहे. सिद्धांतांकडे वळण्याआधी एक तपासणी करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे. मागच्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, शांत आणि निवांत वाटलं का, अंगात उत्साह होता का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, दिवसभरात मन रमेल असं काही होतं का, एवढंच ती विचारते. प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण द्यायचे आणि बेरजेला ४ नं गुणायचं. उत्तर ५० किंवा त्याखाली आलं तर नैराश्याची नीट तपासणी करून घ्यावी. हे निदान नव्हे, पण दुर्लक्ष करण्यासारखंही नाही. आवडीच्या गोष्टींतलं मन उडालं असेल, झोप-भूक बिघडली असेल किंवा मरणाचे विचार येत असतील, तर हे उत्तर इथंच थांबवा आणि मनोविकारतज्ज्ञांना भेटा. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. त्याला सुखाचे सिद्धांत लावत बसणं म्हणजे ताप अंगात असताना व्यायामाची पुस्तकं चाळण्यासारखं आहे.

तुमच्या लिहिण्यावरून तसं दिसत नाही. कामं होताहेत, हसणं होतंय, फक्त सगळं सपाट झालंय. कोरी कीज या समाजशास्त्रज्ञानं २००२ मध्ये हीच अवस्था नीट मांडली. मानसिक आजार नसणं आणि मन बहरलेलं असणं या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत, असं तो म्हणतो. आजार नाही पण बहरही नाही, अशा मधल्या जागेत माणूस वर्षानुवर्षं राहू शकतो. तिथल्या माणसाला आपली तक्रार सांगायचीही लाज वाटते, कारण दाखवायला जखम नसते. म्हणून पहिल्यांदा एवढंच सांगते, की तुमची तक्रार खरी आहे.

आता त्या ५० टक्क्यांकडे येते, कारण तुमची सगळ्यात जास्त निराशा त्या एका आकड्यानं केलेली दिसते. २००५ मध्ये सोन्या ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्केड यांनी एक मांडणी केली. सुखातल्या फरकाचे ५० टक्के आनुवंशिक, १० टक्के परिस्थितीमुळे, ४० टक्के आपण जाणीवपूर्वक जे करतो त्यामुळे. त्याची तीन तुकड्यांची चकती जगभर फिरली आणि फिरता फिरता तिचा अर्थ पालटला. हे वाटे माणसामाणसांतल्या फरकाचे आहेत. तुमच्या एकट्याच्या सुखाचे नाहीत. उंचीचं उदाहरण घ्या. सगळ्या मुलांना पोटभर पोषण मिळत असेल, तर कोण उंच आणि कोण बुटका हे बहुतांशी आनुवंशिकतेवर ठरेल. म्हणून पोषणाला किंमत नाही असं होत नाही. पोषण तुटलं तर सगळ्यांचीच उंची खुंटेल. फरकातला वाटा आणि बदलाची शक्यता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

ही गल्लत संशोधकांकडूनही झालेली आहे. १९९६ मध्ये डेव्हिड लिकन आणि ऑके टेलेगन यांनी जुळ्यांच्या अभ्यासावरून लिहिलं, की अधिक सुखी होण्याची धडपड ही अधिक उंच होण्याच्या धडपडीइतकीच फोल असू शकेल. तीनच वर्षांनी लिकननं आपलं ते विधान चुकीचं होतं असं स्वतः लिहिलं. चकतीच्या बाबतीतही टीकेनंतर शेल्डन आणि ल्युबोमिर्स्की यांनी ४० टक्क्यांचा अंदाज जास्त असू शकतो हे मान्य केलं. तेव्हा त्या चकतीवर ना निराशा उभारा, ना आशा.

तिच्यासोबत आणखी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते: लॉटरी जिंकणारे आणि अपघातात अपंगत्व आलेले, काही काळानं दोघंही पूर्वीइतकेच सुखी होतात. मूळ अभ्यास फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांचा, १९७८ चा. त्यात लॉटरी लागलेले २२ जण होते, अपघातानं हातपाय लुळे पडलेले २९, आणि तुलनेसाठी आणखी २२. लॉटरीवाले इतरांपेक्षा ठळकपणे सुखी नव्हते, आणि रोजच्या साध्या गोष्टींतला त्यांचा आनंद कमी झाला होता, इथवर ठीक आहे. पण अपघातग्रस्त इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी सुखी होते. शिवाय प्रत्येकाला एकदाच विचारलं होतं. आधी किती सुखी होते आणि नंतर किती झाले, हे त्यातून कळूच शकत नाही. वर्षानुवर्षं त्याच माणसांना विचारत राहिलेले अभ्यास वेगळं सांगतात. जर्मनीतल्या २४,००० लोकांच्या १५ वर्षांच्या नोंदी रिचर्ड लुकास आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. लग्नानंतर वाढलेलं समाधान सरासरीनं पूर्वपदावर येतं. बेकारीनंतर मात्र, पुन्हा नोकरी लागली तरी, सरासरीनं ते पूर्ण भरून येत नाही. म्हणजे मन सवय करून घेतं, पण सगळ्याची नाही आणि सारख्या वेगानं नाही. परिस्थितीला किंमत आहे. ‘सुख मानण्यावर असतं’ असं म्हणून कुणाच्या बेकारीवर किंवा वेदनेवर पाणी ओतू नये, हे मी दर वेळी आवर्जून सांगते.

आता कोणता सिद्धांत खरा? ते एकमेकांशी जुळत नाहीत, कारण ते एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. एक विचारतो, बरं वाटतंय का? दुसरा विचारतो, बरं चाललंय का? तिसरा विचारतो, बरं राहायला लागतं काय? एवढं वेगळं केलं की निम्मा गोंधळ मिटतो.

‘बरं वाटतंय का’ हा प्रश्न मानसशास्त्रज्ञ एड डीनरचा. १९८४ मध्ये त्यानं व्यक्तिनिष्ठ स्वास्थ्याची मांडणी केली: सुखद भावना बऱ्याचदा, दुःखद भावना क्वचित, आणि एकंदर आयुष्याबद्दल समाधान. पुढच्याच वर्षी पाच विधानांची समाधान-मोजपट्टी आली, ५ ते ३५ गुणांची, आणि ती आजही वापरात आहे. यातली मोलाची गोष्ट अशी, की भावना आणि समाधान एकत्र चालतीलच असं नाही. माणूस ‘आयुष्यानं मला भरपूर दिलं’ असं मनापासून म्हणतो आणि त्याचा मंगळवार मात्र कोरडा जातो. समाधान ताळेबंदाकडे बघून सांगितलं जातं, भावना त्या त्या तासाला जगल्या जातात. तुमचा ताळेबंद उत्तम आहे. तुटवडा तासांचा आहे.

‘बरं चाललंय का’ हा कॅरोल रिफचा प्रश्न. १९८९ मध्ये तिनं आक्षेप घेतला, की नुसतं बरं वाटण्याला स्वास्थ्य म्हणणं अपुरं आहे. माणूस म्हणून नीट घडत राहणं म्हणजे काय, हे ॲरिस्टॉटलपासून मॅस्लो, रॉजर्स, एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांपर्यंत अनेकांनी सांगितलं होतं, ते मोजणीत कुठेच येत नव्हतं. तिनं सहा अंगं मांडली: स्वतःचा स्वीकार, जिव्हाळ्याची नाती, स्वतःच्या मतानं चालणं, भोवतालचा व्याप सांभाळता येणं, आयुष्याला हेतू असणं आणि आपण अजून वाढतोय ही जाणीव. मी या सहांचा उपयोग गुण देण्यासाठी करत नाही. समोरच्या माणसाला विचारते, यातलं कोणतं अंग तुम्ही गेल्या वर्षात विसरूनच गेलात? रिफच्या पहिल्या अभ्यासात २० वर्षांच्या तरुणांपासून वृद्धांपर्यंत ३२१ जण होते. व्याप सांभाळण्याची हातोटी वयाबरोबर वाढलेली दिसली, पण हेतू आणि वाढ ही दोन अंगं उतारवयाकडे ओसरलेली दिसली. मधल्या वयात माझ्याकडे येणाऱ्यांत हे चित्र इतक्यांदा दिसतं, की तुमचं वाचतानाही तेच मनात आलं. सगळं सांभाळता येतंय. नवं काही शिकल्याला किती दिवस झाले, हे मात्र आठवत नाही.

मॅस्लो आणि पर्मा यांच्याबद्दल थोडक्यात. मॅस्लोचा गरजांचा क्रम १९४३ चा. त्याचा प्रसिद्ध पिरॅमिड त्यानं स्वतः काढलेला नाही, आणि खालची पायरी भरल्याशिवाय वरची मिळत नाही हेही टिकलेलं नाही. लुई टे आणि डीनर यांनी २०११ मध्ये १२३ देशांतली माहिती पाहिली. गरजा सगळीकडे महत्त्वाच्या ठरल्या, पण क्रम मोडूनही त्या आपापलं समाधान देत होत्या. मार्टिन सेलिगमनचा २०११ मधला पर्मा म्हणजे सुखद भावना, तन्मयता, नाती, अर्थ आणि कर्तृत्व ही पाच अंगं; त्यांच्या इंग्रजी नावांच्या आद्याक्षरांवरून ‘पर्मा’. आठवणीत ठेवायला सोपा आहे. मात्र मोजायला गेलं की पर्मात वरचढ ठरणारी माणसं बहुतेक डीनरच्या पट्टीवरही वरचढच असतात. सेलिगमनचं म्हणणं असं, की मी सुखाचा नवा प्रकार सांगत नसून त्याचे घटक सांगतो आहे. ते मला पटतं. तुम्हाला मात्र घटकांच्या यादीपेक्षा कारण सापडायला हवं आहे.

म्हणून तिसरा प्रश्न, आणि इथं मी रेंगाळणार आहे. तुम्ही लिहिलंय, ‘दिवसभर जे करतो ते करायला हवं म्हणून करतो. संध्याकाळी आठवायला गेलं तर मला हवं म्हणून केलेलं एकही काम सापडत नाही.’ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांचा स्वयंनिर्णय सिद्धांत नेमका याच वाक्यावर उभा आहे.

त्याची सुरुवात १९७१ मधल्या डेसीच्या एका साध्या प्रयोगातून झाली. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. एका गटाला मधल्या सत्रात प्रत्येक कोड्याला एक डॉलर मिळाला, दुसऱ्याला काहीच नाही. मग संशोधक थोडा वेळ खोलीबाहेर जाई आणि मोकळ्या वेळात कोण आपणहून कोड्याला हात लावतं ते पाहिलं जाई. पैसे थांबल्यावर, पैसे मिळालेल्यांची ओढ कमी झालेली दिसली. त्या एका प्रयोगातला फरक लहान होता. पण १९९९ मध्ये १२८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हाही हेच दिसलं: आधी कबूल केलेलं बक्षीस मुळात आवडणाऱ्या कामाची गोडी घटवतं, कामाला मिळालेली मनापासूनची दाद ती वाढवते.

यातून पुढं असं निघालं, की मनाला तीन गोष्टींची भूक असते: हे मी माझ्या इच्छेनं करतोय ही जाणीव, हे मला जमतंय ही जाणीव, आणि माझं कुणीतरी आहे ही जाणीव. स्वायत्तता, सक्षमता, आपलेपणा. यातल्या स्वायत्ततेचा अर्थ फार लोक चुकीचा घेतात. कुणाचं न ऐकणं किंवा एकट्यानं राहणं म्हणजे स्वायत्तता नव्हे. दुसऱ्याचं ऐकूनही, दुसऱ्यासाठी राबूनही ती शाबूत राहू शकते, जर ते करणं तुम्हाला आतून मान्य असेल. व्हॅलेरी चिरकोव्ह आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दक्षिण कोरिया, रशिया, तुर्कस्तान आणि अमेरिका या चार ठिकाणी हे तपासलं. रीत एकत्र राहण्याची असो की स्वतंत्र राहण्याची, ती मनानं स्वीकारलेल्यांचं स्वास्थ्य चारही ठिकाणी चांगलं होतं.

या सिद्धांताचा मला सगळ्यात उपयोगी वाटणारा भाग म्हणजे प्रेरणेच्या पायऱ्या. मी त्या माझ्या शब्दांत सांगते. पहिला बाहेरचा धाक: नाही केलं तर कुणीतरी रागावेल, पगार कापला जाईल. दुसरा आतला धाक: कुणी बघत नाही, पण नाही केलं तर मीच मला खाईन, अपराधी वाटेल, कमी वाटेल. तिसरं पटलेलं: आवडत नाही कदाचित, पण का करायचं ते मला ठाऊक आहे आणि मान्य आहे. चौथं आवडीचं: करण्यातच मजा आहे. बाहेरून चारही माणसं सारखीच कामसू दिसतात.

अनेकांच्या हकिगती एकत्र करून एक उदाहरण देते, म्हणजे कुणा एकाची ओळख उघड होणार नाही. दोघी बहिणी आजारी आईचं करतात. काम तेच, जागरण तेच, थकवा तोच. एकीला विचारलं, हे का करता? ती म्हणते, ‘नाही केलं तर माझ्यासारखी वाईट मुलगी दुसरी नाही.’ दुसरी म्हणते, ‘चिडते, रडते, पण हे दिवस आईजवळ काढायचे असं मी ठरवलंय.’ पहिली आतल्या धाकावर चालते आहे. तिला सुट्टी दिली तरी ती सुटत नाही, कारण पहारेकरी घरात नाही, तिच्यातच आहे. दुसरी झोप मिळाली की सावरते. सिद्धांत वाचून हे दिसत नाही, समोर बसलेल्या माणसाच्या ‘हवं’ या शब्दाच्या स्वरात ऐकू येतं.

तुमचा दिवस मला बराचसा आतल्या धाकावर चाललेला वाटतो. जबाबदार माणसांचं असंच होतं. बाहेरचा धाक केव्हाच संपलेला असतो, पण त्याची जागा त्यांनी स्वतःच घेतलेली असते. अशा वेळी पहिला विचार नोकरी सोडण्याचा येतो. घाई करू नका. पहारेकरी आपल्यातच असेल तर तो नव्या नोकरीतही सोबत येतो.

आतल्या धाकाचं ‘पटलेलं’ होऊ शकतं, आणि ते कशानं होतं याचाही अभ्यास झाला आहे. १९९४ मध्ये डेसी आणि सहकाऱ्यांनी लोकांना पडद्यावरचे प्रकाशाचे ठिपके टिपत बसण्याचं मुद्दाम कंटाळवाणं काम दिलं. तीन गोष्टी केल्या की ते काम लोकांनी जास्त आपलंसं केलं: ते का करायचं याचं खरं कारण सांगितलं, ‘हे कंटाळवाणं आहे’ हे मोकळेपणानं मान्य केलं, आणि सांगताना हुकूम न करता निवडीला जागा ठेवली. हेच माणूस स्वतःशी बोलतानाही करू शकतो. आपण उलटं करतो. कारण विचारत नाही, कंटाळा आला की स्वतःला रागावतो आणि प्रत्येक वाक्य ‘केलंच पाहिजे’ नं संपवतो.

आणखी एक सापळा आहे. सगळं ठीक असताना सुखी नसणं म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय, असा विचार सुख आणखी दूर लोटतो. आयरिस मॉस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये काही जणांना सुख किती महत्त्वाचं आहे यावरचा मजकूर वाचायला दिला आणि नंतर एका छोट्या चित्रफितीत आनंदी प्रसंग दाखवला. तो मजकूर वाचलेल्यांना त्या प्रसंगानं इतरांपेक्षा कमी आनंद दिला. आनंद व्हायलाच हवा अशी अपेक्षा घेऊन बसलं, की जो होतो तो अपुरा वाटतो. त्यांच्याच आणखी एका पाहणीत सुखाला फार महत्त्व देणारे कमी सुखी दिसले, आणि तेही ताण कमी असलेल्या, म्हणजे सुखी असायला कारणं असलेल्या लोकांत. म्हणून ‘मला सुख वाटतंय का’ हे दिवसातून दहादा तपासणं काही काळ थांबवा.

त्याऐवजी हे करा. २००४ मध्ये डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी ९०९ नोकरदार स्त्रियांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगानं आठवून लिहायला सांगितला होता. त्याच पद्धतीचं हे सोपं रूप आहे. रात्री दहा मिनिटं घ्या. दिवसाचे आठ-दहा तुकडे पाडा. प्रत्येकापुढं लिहा: काय करत होतो, कुणासोबत, कसं वाटलं, आणि चारपैकी काय होतं, बाहेरचा धाक, आतला धाक, पटलेलं की आवडीचं. ‘वाटायला हवं होतं’ ते लिहू नका, वाटलं ते लिहा. पहिला आठवडा काहीही बदलायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात ‘आतला धाक’ लिहिलेला एकच तुकडा निवडा, छोटासा. त्याचं कारण स्वतःला विचारा. खरं कारण सापडलं तर ते वहीत लिहून काम तसंच चालू ठेवा, फक्त कंटाळ्याला कंटाळा म्हणायची मुभा द्या. कारण सापडलंच नाही तर ते काम पंधरा दिवस सोडून पाहा. अपराधी वाटेल. ती अपराधी भावना दोन-तीन दिवस सोबत राहू द्या, तिच्याशी वाद घालू नका. बहुतेकांच्या बाबतीत ती चौथ्या-पाचव्या दिवशी सैल पडते असा माझा अनुभव आहे. नाहीच पडली, उलट वाढली, तर ती जुनी आहे आणि एकट्यानं उलगडायची नाही. तिच्यासाठी समुपदेशकाकडे वही घेऊन जा.

रिकामा झालेला वेळ लगेच कशानं भरू नका. रिफच्या सहा अंगांतलं जे विसरलं गेलंय, ते बहुतेक त्या रिकाम्या अर्ध्या तासातच डोकं वर काढतं. जुनी मैत्री असेल, अर्धवट सोडलेलं शिक्षण असेल, हातानं काही करायची आवड असेल. ते काय आहे हे मी सांगू शकत नाही, आणि कोणताही सिद्धांत सांगू शकत नाही.

आठवडा पूर्ण झाला की मला एवढंच कळवा: त्या साठ-सत्तर तुकड्यांत ‘आवडीचं’ असा शेरा किती वेळा आला, आणि त्या वेळी तुमच्यासोबत कोण होतं.